एथिक्स कमिटीत टपाल खात्याचा माणूस

मनीऑर्डर घेणाऱ्याला सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा आणि त्या अंगठ्याला साक्षीदार लावायचा, हा टपाल खात्याचा नियम. ३४ वर्षांच्या नोकरीत असे किती अंगठे घेतले याची मोजदाद नाही. साक्षीदार म्हणजे पोस्टाच्या ओट्यावर त्या वेळी जो कुणी बसलेला असेल तो. फॉर्मवर काय लिहिलंय ते तो वाचायचा नाही आणि म्हातारीच्या हातात किती नोटा पडल्या तेही मोजायचा नाही. सही करून पुन्हा ओट्यावर जाऊन बसायचा. मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. ते खटकलं निवृत्तीनंतर, एका रुग्णालयाच्या बैठकीच्या खोलीत.

२०१९ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या पोस्टात ज्यांचं जुनं आवर्ती खातं होतं अशा एक डॉक्टरबाई घरी आल्या. आमच्या भागातल्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयात त्या औषधशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या आणि तिथल्या एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवही. म्हणाल्या, "काका, आमच्या कमिटीत ले पर्सनची जागा रिकामी झालीय. दोन मिटिंगा पुढे ढकलाव्या लागल्या. तुम्ही याल का?"

एथिक्स कमिटी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. त्यांनी चहा होईपर्यंत समजावलं. रुग्णालयात माणसांवर कुठलंही संशोधन करायचं असलं, मग ते नवं औषध असो की रुग्णांना विचारायची साधी प्रश्नावली, तर आधी या समितीची मंजुरी लागते. मंजुरी देताना समिती पाहते ती मुख्यतः एकच गोष्ट: ज्या माणसावर हे होणार आहे त्याचं काय. आणि ही समिती फक्त डॉक्टरांची असून चालत नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये केंद्र सरकारचे 'नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम' आले होते. त्यांत समिती किमान ७ जणांची हवी आणि निम्मे सदस्य संस्थेच्या बाहेरचे हवेत, असं आहे. अध्यक्ष बाहेरचाच हवा, सचिव मात्र संस्थेतला. निदान एक स्त्री हवी, एक कायद्याचा जाणकार हवा, समाजशास्त्र, स्वयंसेवी संस्था, तत्त्वज्ञान किंवा धर्मशास्त्र अशा क्षेत्रातलं कुणीतरी हवं आणि एक सामान्य व्यक्ती, म्हणजेच ले पर्सन, हवी.

बैठकीच्या कोरमला किमान पाच जण लागतात आणि ते कुठले पाच हेही ठरलेलं आहे. एक वैद्यकशास्त्रज्ञ, शक्यतो औषधशास्त्राचा. एक रुग्ण तपासणारा डॉक्टर. एक वकील. एक समाजशास्त्राच्या बाजूचा. आणि एक सामान्य माणूस. पंधरा प्राध्यापक जमले आणि हा शेवटचा आला नाही, तर औषधचाचणीच्या एकाही प्रस्तावावर निर्णय घेता येत नाही. दोन बैठका का ढकलल्या ते तेव्हा कळलं.

मी विचारलं, मला त्यातलं काय कळणार? बाईंनी उत्तर न देता मलाच विचारलं, "तुम्ही लोकांचे फॉर्म भरून द्यायचात ना?"

होकार दिल्यावर कागदांची रांग लागली. सही-तारखेसह माहितीपत्र, संमतीचं पत्र, गोपनीयतेचा करार, हितसंबंधांचं घोषणापत्र. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार ले पर्सन हा लिहिता-वाचता येणारा, समाजातला माणूस हवा. गेल्या ५ वर्षांत त्याने वैद्यकीय किंवा आरोग्याच्या क्षेत्रात काम केलेलं नको आणि स्थानिक भाषा, रीतभात त्याला ठाऊक हवी. यातलं सगळं जुळत होतं. घोषणापत्रात मात्र मी थांबलो, कारण माझा पुतण्या एका औषध कंपनीत एमआर आहे. मला वाटलं आता नाव कटणार. तसं झालं नाही. ते लिहून ठेवायचं आणि त्या कंपनीचा प्रस्ताव आला की खोलीबाहेर जायचं, चर्चेत नाही आणि निर्णयातही नाही. सहा वर्षांत असं दोनदा झालं. दोन्ही वेळा मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि मी बाहेर गेल्याचं इतिवृत्तात लिहिलं गेलं.

मग पुण्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथे बरंचसं डोक्यावरून गेलं, पण दोन गोष्टी घट्ट बसल्या.

पहिली अमेरिकेतली. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना रोगाचं नाव सांगितलं नाही, 'तुमचं रक्त खराब आहे' एवढंच सांगितलं. पुढे पेनिसिलिन आलं, त्याने हा रोग बरा होतो हे सगळ्यांना माहीत झालं, तरी यांना ते दिलं नाही. उपचार न केलेला रोग कसा वाढतो ते पाहायचं होतं. हे १९७२ पर्यंत चाललं आणि वर्तमानपत्रात आलं तेव्हा थांबलं. माझ्या डोक्यात अडकलं ते 'रक्त खराब आहे'. आपल्याकडेही लोक असंच बोलतात. ऐकणाऱ्याला ते समजल्यासारखं वाटतं आणि समजलेलं काहीच नसतं.

दुसरी आपल्या देशातली. २००९ साली खम्मम जिल्ह्यात, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला. काही मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये तो थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. दिसलं ते संमतीपत्रांचं. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात आकडे दिले. आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर सही होती वसतिगृहाच्या अधीक्षकांची. आईबापांची नव्हे.

हे ऐकल्यावर चहाच्या सुट्टीत मी कुणाशी बोललो नाही. मला माझ्या पोस्टाचा ओटा आठवत होता.

पहिल्या बैठकीच्या दहा दिवस आधी फाइल घरी आली. पाच प्रस्ताव, इंग्रजी आणि मराठी कागद मिळून चार-साडेचारशे पानं. इंग्रजी प्रोटोकॉल, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मी शब्दकोश घेऊन वाचायला बसलो आणि दोन दिवसांत थकलो. तिसऱ्या दिवशी फक्त मराठी माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं काढली. माझं काम तेच आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, पण वाचता येण्याजोगं तेवढंच होतं.

वाचता येण्याजोगं असं म्हणतोय खरं. 'सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल.' 'प्रतिकूल घटना उद्भवल्यास.' 'आपल्या शिरेतून ५ मिली रक्तनमुना संकलित केला जाईल.' 'आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता अभ्यासातून माघार घेऊ शकता' हे वाक्य नवव्या पानावर, विम्याच्या परिच्छेदाच्या खाली. गोपनीयतेमुळे कागद घरात कुणाला दाखवता येत नव्हता. मी बायकोला नुसते शब्द विचारायचो. यादृच्छिक म्हणजे काय गं? ती सातवीपर्यंत शिकलेली. म्हणाली, "यादीतलं काहीतरी असेल."

बैठकीत तासभर मी गप्प होतो. शल्यचिकित्सक, औषधशास्त्राच्या बाई, शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक यांचं बोलणं एकमेकांत चाललं होतं. मात्रा किती, तुलना कशाशी, नमुना किती जणांचा. अध्यक्ष दुसऱ्या गावच्या महाविद्यालयाचे निवृत्त प्राचार्य होते. त्यांनी टेबलावरून सगळ्यांकडे पाहत माझ्यापर्यंत येऊन विचारलं, "तुमचं काय?" मी वहीतली पेन्सिलीची यादी वाचली. सतरा शब्द होते. मग म्हणालो, "आणि हे नववं पान पहिलं पाहिजे. नाही म्हणता येतं हे माणसाला शेवटी कळून काय उपयोग?"

औषधशास्त्राच्या बाईंनी ते लिहून घेतलं. वकीलसाहेब म्हणाले, क्रम बदलायला कायद्याची काहीच हरकत नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक माहितीपत्रकात, कुणी काही म्हणो, पहिल्या पानावर पहिल्या चार ओळी तशा असतात: हे संशोधन आहे, हा तुमचा नेहमीचा उपचार नाही. भाग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात फरक पडणार नाही. आधी हो म्हणून नंतर नाही म्हणता येतं.

शब्दांचं काम वाटतं तेवढं सरळ नाही. ५ मिलीचा 'एक चहाचा चमचा' झाला, त्यावर वाद नव्हता. यादृच्छिकीकरणावर मात्र दोन बैठका गेल्या. मी सुचवलं, 'कुणाला कुठलं औषध मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टर निवडणार नाहीत'. समाजकार्याच्या प्राध्यापक बाईंचं म्हणणं, चिठ्ठी म्हटलं की लोकांना भिशी आठवते, चिठ्ठी लागली म्हणजे नशीब उघडलं. नवं औषध ज्याला मिळेल तो स्वतःला भाग्यवान समजेल आणि तेच चूक आहे, कारण नवं चांगलं की जुनं, हेच तर माहीत नाही. त्यांचं बरोबर होतं. आम्ही एक वाक्य वाढवलं: 'यांतलं कुठलं औषध जास्त चांगलं हे अजून कुणालाच माहीत नाही, म्हणून हा अभ्यास आहे.' एका संशोधकाने हे वाक्य काढायची विनंती केली. म्हणाले, असं लिहिलं तर कुणी येणार नाही. अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं, "मग न येऊ दे."

२०२० मध्ये कोरोना आला. एप्रिलमध्ये आयसीएमआरने त्या काळापुरती वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, बैठका ऑनलाइन झाल्या, प्रस्ताव घाईघाईने येऊ लागले. मी मोबाइलवर बसायचो. आवाज तुटायचा. त्या वर्षाबद्दल मला जास्त सांगण्यासारखं नाही. कागद खोलीत पसरून, समोरच्याचा चेहरा बघून जी चर्चा होते ती तेव्हा झाली नाही एवढं नक्की.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका थिसिसने. आमच्याकडे येणाऱ्या प्रस्तावांत औषध कंपन्यांच्या चाचण्या थोड्या आणि एमडीच्या विद्यार्थ्यांचे थिसिस पुष्कळ. (गोपनीयतेच्या कागदावर माझी सही आहे, म्हणून अभ्यासाचे काही तपशील इथे बदललेत. गाभा बदललेला नाही.) एका तरुण डॉक्टरला ऊसतोड करणाऱ्या बायकांमधल्या रक्तक्षयावर काम करायचं होतं. लोहाच्या गोळ्या बऱ्या की लोहाचं इंजेक्शन. विषय चांगला, मुलगा मनापासून काम करणारा. बीडकडून आलेल्या टोळ्यांच्या तळावर जायचं, जानेवारीत नावं नोंदवायची, सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. मुकादम बायकांना ट्रॅक्टरमधून आरोग्य केंद्रात आणणार होता. साक्षीदारही तोच. येण्याजाण्याचे म्हणून प्रत्येकीला १५० रुपये.

शास्त्राच्या बाजूने कुणाला फारसं काही खटकलं नाही. नमुना पुरेसा, मात्रा नेहमीची. मी मात्र साखर कारखान्याजवळच्या पोस्टात सहा वर्षं काढली होती. हंगामात संध्याकाळी त्या टोळ्यांतली माणसं मुलांसाठी गावाकडे मनीऑर्डर करायला यायची, कारण मुलं आजी-आजोबांकडे ठेवलेली असायची. त्यांचे फॉर्म मीच भरायचो. म्हणून मला बोलावंच लागलं.

म्हणालो, जानेवारीत नाव नोंदवलं तर सहा महिने जुलैत होतात. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि माणसं गावी जातात. जुलैत तुम्हाला यांतली एक बाई इथे सापडणार नाही आणि कुणाला पुढे त्रास झाला तर तिलाही तुम्ही सापडणार नाही. दुसरं, मुकादम. या लोकांनी हंगामाआधी त्याच्याकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर. ज्याचे पैसे डोक्यावर आहेत तो 'चला, सही करा' म्हणाला तर कोण नाही म्हणेल? तिसरं, खाडा. एक दिवस तोडीला गेलं नाही की मुकादम त्या दिवसाचे ५००, कुठे १,००० रुपये कापतो. तुम्ही १५० रुपये तिकिटाचे देणार, म्हणजे बाई तुमच्या अभ्यासात येऊन रक्तही देणार आणि पैसेही घालवणार.

त्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. तो वाईट हेतूने आला नव्हता. तळावर पोचायचं तर मुकादमाशिवाय पोचता येत नाही, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

मग खरी चर्चा झाली, आणि ज्या कारणासाठी ही समिती अशी निरनिराळ्या माणसांची बांधतात ते कारण मी त्या दुपारी पाहिलं. वकीलसाहेबांनी आयसीएमआरच्या तत्त्वांतला मुद्दा काढला: समूहाच्या म्होरक्याची परवानगी आत जाण्यापुरती घेता येते, ती माणसाच्या स्वतःच्या संमतीची जागा घेत नाही. खाड्यावरून शल्यचिकित्सक आणि वकील यांचं जुंपलं. डॉक्टर म्हणाले, हजार रुपये दिले तर बायका पैशांसाठी येतील, ते आमिष झालं. वकील म्हणाले, बुडालेली मजुरी भरून देणं आणि आमिष दाखवणं यांत फरक आहे, तिला फायदा होऊ नये पण तोटाही होऊ नये. औषधशास्त्राच्या बाईंनी विचारलं, गोळीवाल्या गटाला केंद्रात आणायचंच कशाला? त्यांचं रक्त तळावरच घेता येईल, संध्याकाळी. समाजकार्याच्या बाईंनी विचारलं, पैसे द्यायचे ते कुणाच्या हातात?

साक्षीदाराचा मुद्दा मी शेवटी काढला. अंगठा देणाऱ्या बाईचा साक्षीदार निःपक्षपाती हवा, असं आपलेच नियम म्हणतात. मुकादम तर नकोच, रुग्णालयाचा शिपाईही नको. टोळीत आठवी-दहावी झालेली पोरं-पोरी असतात. बाईने स्वतः सांगावं, माझ्यासाठी अमकी वाचेल. आणि त्या साक्षीदाराने मोठ्याने वाचावं, पुरतं. मी हे जरा जोरात बोललो असेन. खोलीत कुणालाच माहीत नव्हतं की मी माझ्याच ३४ वर्षांशी भांडत होतो.

प्रस्ताव परत गेला, बदलून आला. नोंदणी हंगामाच्या सुरुवातीला, तपासण्या सहा आणि बारा आठवड्यांनी, दोन्ही पट्टा पडायच्या आत. इंजेक्शनच्या दिवशीचा खाडा अभ्यासाच्या खर्चातून, बाईच्या हातात. गावी गेल्यावर त्रास झाला तर फोन करायला नंबर, आणि फोन मराठीत उचलणारं माणूस. विद्यार्थ्याचं एक सत्र वाया गेलं, त्याचं मला वाईट वाटलं. पण नंतर त्याने जो आकडा सांगितला तो मी विसरणार नाही. विचारलेल्या बायकांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा 'नको' म्हणाल्या. आमच्यातल्या काहींना तो अपयशाचा आकडा वाटला. मला वाटलं नाही. नाही म्हणता येत होतं, याचा पुरावा दुसरा काय असतो?

आणखी एक प्रसंग सांगतो. एका औषधचाचणीतला एक सहभागी दगावला. अशा गंभीर घटनेची खबर संशोधकाने २४ तासांत द्यायची असते, १४ दिवसांत तपशीलवार अहवाल, आणि समितीने आपलं मत ३० दिवसांत केंद्रीय औषध नियंत्रकांकडे पाठवायचं. मृत्यूचा संबंध चाचणीशी निघाला तर वारसाला भरपाई मिळते. तिचं सूत्र ठरलेलं आहे, ८ लाख हा मूळ आकडा, मग वय आणि आजाराचा धोका धरून गुणाकार. आमच्या बैठकीत डॉक्टर मंडळी रक्ताचे अहवाल आणि ईसीजी पाहत होती. माझ्याकडे संमतीपत्राची प्रत आली. मी सवयीने खालचा रकाना पाहिला. नामनिर्देशित व्यक्तीचं नाव, पत्ता, नातं. कोरा होता.

पोस्टात हा रकाना मी आयुष्यभर भरून घेतला. नॉमिनी न लावलेलं खातं म्हणजे विधवेच्या चकरा, वारस दाखला, कोर्ट, हे मी काउंटरच्या आतून पाहिलेलं आहे. इथेही तेच. समितीने त्या चाचणीतली सगळी संमतीपत्रं मागवली. २२ पैकी ९ वर तो रकाना कोरा. समन्वयक मुलगी म्हणाली, पेशंटला 'तुम्ही गेलात तर पैसे कुणाला द्यायचे' असं विचारायला जीभ रेटत नाही. तिची अडचण खरी होती. मी तिला पोस्टातली रीत सांगितली. 'गेलात तर' असं म्हणायचंच नाही. 'घरातलं कुणाचं नाव लावू? तुमचा कागद कुणाच्या हाती असलेला बरा?' माणूस आपणहून बायकोचं, लेकीचं नाव सांगतो. त्या मृत्यूचा औषधाशी संबंध नव्हता असंच शेवटी ठरलं. तरी नऊही रकाने भरून घेईपर्यंत आम्ही नवीन नोंदणी थांबवली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. समितीची मुदत आमच्याकडे तीन वर्षांची. माझ्या दोन मुदती झाल्या, तिसरीसाठी पत्र आलं आणि मी नको म्हणालो. कारण असं.

चालू अभ्यासांवर समितीने लक्ष ठेवायचं असतं, त्यासाठी मधून मधून जागेवर जाऊन पाहतात. गेल्या वर्षी समाजकार्याच्या बाई आणि मी एका वॉर्डात गेलो होतो. साठीच्या एका आजींना संमतीपत्र वाचून दाखवणं चाललं होतं. समन्वयक नीट, सावकाश वाचत होती. मी समाधानाने ऐकत होतो, कारण तो मराठी मसुदा माझ्या नजरेखालून गेलेला होता. 'तुम्हाला नियंत्रण गटात ठेवलं गेलं तर' असं वाक्य आलं. आजींनी तिला थांबवलं. विचारलं, "म्हंजे मला कुणाच्या नियंत्रणात राहायचंय?"

नियंत्रण गट. म्हणजे नवं औषध न मिळता नेहमीचंच मिळणारी मंडळी. तो शब्द मी वाचला होता आणि पुढे गेलो होतो. पहिल्या वर्षी असता तर मी तिथेच अडखळलो असतो, पेन्सिलीने खूण केली असती, बायकोला विचारलं असतं. सहा वर्षांत शेकडो वेळा ऐकून तो मला मराठी वाटायला लागला होता.

घरी येऊन जुन्या फाइलींच्या नोंदी चाळल्या. पहिल्या बैठकीत सतरा शब्द. तिसऱ्या वर्षी सात-आठ. शेवटच्या चार बैठकांत मिळून दोन. मसुदे सुधारले हे त्याचं एक कारण आहेच. पण एकटं ते नव्हे. मला आता प्रोटोकॉल कळतो, डॉक्टर बोलतात ते समजतं, आणि समजतं याचा मला आनंद होत होता. ज्या जागेवर मला बसवलं होतं ती जागा न समजणाऱ्या माणसाची आहे.

सदस्य सचिव बाईंना हे पटायला वेळ लागला. अनुभवी माणूस सोडवत नाही, आणि कोरमची काळजी असतेच. शिवाय एक खरी अडचण आहे. बैठक कामाच्या दिवशी दुपारी, मानधन थोडं, वाचायला तीन-चारशे पानं. त्यामुळे देशभर ही जागा बहुतेक माझ्यासारख्यांकडे जात असावी असं मला वाटतं: पुरुष, निवृत्त, पेन्शन असलेला, कुणा प्राध्यापकाच्या ओळखीचा. ज्यांच्यावर संशोधन होतं ती माणसं कामावर असतात. मी बाईंना म्हणालो, बैठक रविवारी सकाळी घ्या, मानधनात एका दिवसाची मजुरी धरा, मग दुसरी माणसं मिळतील. अध्यक्षांनी ते कार्यपद्धतीत घालून घेतलं. मजुरीचं झालं. रविवारचं डॉक्टरांना जमेना, शनिवारी दुपारी तीनवर तडजोड झाली.

माझ्या जागी ज्या ताई आल्या त्या शिवणकाम करतात, बचत गटाचा हिशोब लिहितात. बारावी झालेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची आई याच रुग्णालयात महिनाभर होती, तेव्हा वॉर्डात इतर बायकांना त्या कागद वाचून दाखवायच्या. सिस्टरांनी त्यांचं नाव सुचवलं. सदस्य बदलला की ३० कामकाजी दिवसांच्या आत औषध नियंत्रकांना कळवायचं असतं, ते पत्र गेलं. त्यांचं प्रशिक्षण पुढच्या महिन्यात आहे.

परवा त्या घरी आल्या होत्या. माझी ती पेन्सिलीची वही टेबलावरच होती. सहा वर्षांचे शब्द, त्यांपुढे आम्ही ठरवलेले सोपे पर्याय. त्यांनी विचारलं, "काका, ही घेऊन जाऊ का? आधी वाचून ठेवते."

मी नाही म्हणालो. बाईंसाठी तिची झेरॉक्स काढलीय, भाषांतर करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. ताईंना म्हटलं, तुम्हाला फाइल येईल ती तेवढीच वाचा, आणि एक पेन्सिल जवळ ठेवा. त्यांनी विचारलं, खूण कशी करायची? म्हटलं, जिथे थांबाल तिथे.

त्यांची पहिली बैठक येत्या शनिवारी आहे. प्रशिक्षण व्हायचंय, म्हणून यावेळी त्या नुसत्या बसून ऐकणार आहेत. कोरमसाठी माझी ही शेवटची.